धाकटीचे पंचवीस लाईट

११ जानेवारी, रविवार

भिंगरे,

आधी पायात मोजे घाल, मग हे पत्र वाच. तुझ्याकडे बर्फ पडतो हे आजोबांनी मोबाईलवर दाखवलं, तेव्हापासून इथे माझेच पाय गार पडलेत.

पत्र मी माझ्या हातानं लिहिते आहे. चौथीपर्यंतचं शिक्षण, त्यात तिसरी दोनदा, तेव्हा अक्षर सांभाळून घे. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं आजोबा मध्ये बोलून खातात. म्हणून असं ठरलंय की मी लिहायचं आणि त्यांनी पानांचे फोटो काढून तुला पाठवायचे. कोपऱ्यात गुलाबी काही दिसलं तर तो त्यांचा अंगठा. त्याच्याखाली काय लिहिलं होतं ते विचारू नकोस, मलाही आठवत नाही.

तर बातमी अशी की यंत्र आलं! सात खोकी होती. सगळ्यात मोठं खोकं दवाखान्याच्या दारातून आत जाईना. आधी दार काढलं, मग चौकट काढली, मग चौकटीशेजारची भिंत. सगळा गाव बघायला. मी पण माझं मशीन बंद करून, गळ्यात टेप तसाच ठेवून गेले. म्हटलं, "अहो, कापायच्या आधी माप घ्यायचं असतं." तो उंच टेक्निशियन आहे ना, लंबू, तो म्हणाला, "आजी, माप घेतलं होतं, दाराचंच घ्यायचं राहिलं."

तुझ्या दवाखान्यानं यंत्र दिलं, तुला तिकडे शिकायला नेलं आणि इथल्यांना तिथल्या बाई पडद्यावरून शिकवणार, हे मी आजोबांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच." मी म्हटलं, शेळ्या घरी पोचल्याशी कारण.

आता खरं बोलायचं ते. धाकटीच्या छातीचं ऑपरेशन झालं ते तुला ठाऊक आहेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता पंचवीस लाईट घ्यायचे, म्हणजे त्या यंत्राचे किरण, शनिवार-रविवार सोडून रोज एक, खाडा नाही. नाही घेतले तर गाठ परत येऊ शकते. आजवर लाईट घ्यायला मोठ्या शहरात जावं लागायचं. दीड दिवसाचा प्रवास, पाच आठवडे परक्या खोलीत. धाकटीनं एका वाक्यात निकाल लावला होता: "जाणार नाही." तू तिला ओळखतेस. माझी जाऊ म्हणून चाळीस वर्षं भिंतीपलीकडे राहते, पण एकदा नाही म्हणाली की भिंत हलेल, ती हलणार नाही. आता यंत्र चालत जायच्या अंतरावर आलं तेव्हा कुठे तयार झाली. वर म्हणते, "पंचवीस म्हणजे पंचवीस. सव्विसावा दिलात तर बघा."

तिचा प्लॅन तू करणार आहेस असं लंबू म्हणाला. धाकटीला सांगितलं तर म्हणाली, "जिचं नाक मी पदरानं पुसलं ती आता माझ्या छातीचा नकाशा काढणार. बरोबर काढ म्हणावं, मला दुसरी छाती नाही."

मोजे घातलेस ना?

तुझी आजी

---

१४ जानेवारी

प्रिय आजी,

घातले. दोन जोड घातले. तुझ्या पत्राच्या तिसऱ्या पानावर अंगठ्याखाली एक आख्खी ओळ गेली आहे, तिथे मला शिव्या असाव्यात असं धरून चालते.

प्लॅन म्हणजे काय ते सांगते, धाकट्या आजीलाही सांग. किरण कुठल्या बाजूनं, किती आणि कुठपर्यंत जायचे हे कॉम्प्युटरवर आखायचं, म्हणजे जिथे गाठ होती तिथे पोचतील आणि हृदय, फुप्फुस वाचतील. आखते मी. तपासतात माझ्या मोठ्या बाई. त्या एक चष्मा नाकावर आणि एक डोक्यावर ठेवतात. वरचा खाली आला की समजायचं, आपलं काही खरं नाही.

आता कामाचं. धाकट्या आजीच्या अंगावर जांभळ्या शाईनं तीन खुणा करतील. एक मध्ये, दोन बाजूंना. खोलीतल्या भिंतींतून प्रकाशाच्या रेषा येतात, त्या रोज त्या खुणांवर बसवायच्या, म्हणजे ती रोज अगदी त्याच जागी झोपली आहे हे कळतं. मग एक फोटो काढायचा. तो प्लॅनशी जुळला तरच किरण सोडायचे. म्हणून खुणा पुसायच्या नाहीत, घासायच्या नाहीत, साबण लावायचा नाही. धाकटी आजी तीन तास आंघोळ करते, हे माझ्या प्लॅनमध्ये बसत नाही. तिच्या खुणा मी तुझ्यावर सोपवते.

आणि हे फक्त तिच्यापुरतं नाही. बाईंचा नियम असा, की तिथल्या पहिल्या दहा रोग्यांचं काम त्या इथून बघणार. सगळं नीट झालं तर यंत्र तिथल्या लोकांच्या हाती. नाही तर कुलूप, आणि सगळं शिक्षण पहिल्यापासून, म्हणजे आणखी एक वर्ष. धाकटी आजी त्या दहांत तिसरी आहे.

मी मजेत आहे. बाई माझ्यावर खूश असतात.

तुझी भिंगरी

---

८ फेब्रुवारी, रविवार

भिंगरे,

पाच लाईट झाले! मोजते आहे मी, भिंतीवर खडूनं रेघा मारल्यात. आजोबांना वाटलं दूधवाल्याचा हिशोब.

पहिल्या दिवशी मी धाकटीबरोबर आतपर्यंत गेले. ती खोली बघून मी गारच पडले, गं. भिंती इतक्या जाड की आत शिरता शिरता माणूस म्हातारं होईल. मधोमध पलंग, लांबुळका, बिनगादीचा. आणि यंत्र त्याच्याभोवती फिरतं. धाकटी पलंगावर पडल्या पडल्या म्हणाली, "हे माझ्या अंगावर पडलं तर?" लंबू म्हणाला, "आजी, इतक्या लांबून आलंय, पडायला नाही आलेलं." मग अंधार केला आणि त्या रेषा आल्या, हिरव्या, सुतासारख्या सरळ. मी टेप घेऊन बसले असते तरी इतकी सरळ रेघ मला बाई जन्मात मारता आली नसती. आणि मग सगळे बाहेर पळाले, मलाही ओढून नेलं, आणि धाकटी एकटी आत.

दोन मिनिटांत बाहेर आली. विचारलं, "काय गं, कसं वाटलं?" तर म्हणे, "काही नाही. छत रंगवायला हवं." इतकंच. घाबरणं तिच्या पत्रिकेतच नाही बघ. मी बाहेर बसून बाकावरची रेक्झिनची शिवण उसवली, आणि ही छताचा रंग बघून आली.

बाकावर सगळे एकमेकांना ओळखायला लागलेत. एक बसचा ड्रायव्हर आहे, घशाचं दुखणं, बोलत नाही पण हातवारे असे करतो की वळण आलं की आपणच कलतो. एक रिटायर कारकून आहे, तो सगळ्यांचे नंबर लिहून ठेवतो, कोणी सांगितलेलं नसताना. एक भाजीवाली आहे, ती धाकटीला दर दिवशी म्हणते, "तुमचं अंग वाळलंय, खात जा," आणि धाकटी म्हणते, "तुमचं सुटलंय, तुम्ही कमी खा." छान जमलंय त्यांचं.

खुणांची काळजी करू नकोस. आंघोळीला मी दाराबाहेर बसते आणि दर दोन मिनिटांनी ओरडते, "डावी बाजू!" ती आतून ओरडते, "माहितीय!" शेजारपाजाऱ्यांना आता पाठ झालंय. लंबू म्हणाला, सगळ्या रोग्यांत धाकटीच्या खुणा सगळ्यात टवटवीत.

बाई तुझ्यावर खूश असतात हे तू लिहिलंस. तुझ्या आईनं वेगळंच सांगितलं. पण असो, मी काही विचारत नाही.

आजी

---

१३ फेब्रुवारी

आजी,

हे पत्र धाकट्या आजीला वाचून दाखवू नकोस.

तुम्हाला काल "यंत्राची साफसफाई आहे, घरी जा" असं सांगितलं असेल. साफसफाई नाही. काल धाकटी आजी पलंगावर झोपली, रेषा खुणांवर बसवल्या, फोटो काढला, आणि फोटो प्लॅनशी जुळला नाही. जवळजवळ एक सेंटिमीटर बाजूला, आणि अंगही थोडं वळलेलं. लंबूदादानं लगेच थांबवलं, किरण सोडलेच नाहीत, तेव्हा तिला काही अपाय झालेला नाही. पण यंत्र बंद आहे. सगळेच रोगी थांबलेत.

काल आणि आज त्यांनी रेषा तपासल्या, पलंग तपासला, माणसाऐवजी ठोकळा ठेवून फोटो काढले. सगळं बरोबर. आता राहिला माझा प्लॅन. आज बाईंचा डोक्यावरचा चष्मा खाली आला. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं. फक्त म्हणाल्या, "तुझी फाईल मी स्वतः पहिल्यापासून बघते." सोमवारी पडद्यावर मीटिंग आहे आणि प्लॅन माझा म्हणून मला तिथे बसायची परवानगी नाही.

खरं सांगते, बाई माझ्यावर खूश नव्हत्याच. पहिले तीन प्लॅन त्यांनी परत केले होते. हा पहिला पास झाला होता. आठ लाईट तिला माझ्या आखणीवर मिळालेत, आणि मी चुकीचं आखलं असेल तर? जास्त दिवस खाडा झाला तर तिला मोठ्या शहरात पाठवायचं म्हणताहेत, आणि ती जाणार नाही हे तुला आणि मला दोघींना माहीत आहे.

मला वाटतं हे काम माझं नव्हे. मी बँकेत लागायला हवं होतं.

भिंगरी

---

१४ फेब्रुवारी, शनिवार

भिंगरे,

तुझं पत्र आजोबांनी मला माजघरात नेऊन हळू आवाजात वाचून दाखवलं. त्यांचा हळू आवाज म्हणजे पलीकडच्या गल्लीत ऐकू येतो, पण धाकटी नेमकी आंघोळीला होती, म्हणून बरं.

आधी डोळे पूस. बँकेत काय लागतेस! तुला नोटा मोजताना खोकला येतो. अगं, मी शिवणकाम शिकले तेव्हा पहिल्या सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या बाजूच्या लावल्या होत्या. मास्तरांनी तो सदरा मला आठवडाभर घालायला लावला. सोडलं का मी? नाही. आज या गावात चाळीस वर्षं माझ्या हातचे कपडे लोक घालतात, आणि कोणाच्याही दोन बाह्या एका बाजूच्या नाहीत.

तुझ्या प्लॅनमध्ये चूक नाही. मला आतून वाटतंय. आजोबांचं म्हणणं, विजेचा दाब कमी-जास्त होतो, आपला पंखा पण मधेच वेड लागल्यासारखा फिरतो. पण काही असलं तरी धाकटीची काळजी करू नकोस, कारण तुझ्या नकाशात समजा इकडचं तिकडे झालं असलं, तरी मी ते आधीच सावरून ठेवलंय.

ते असं झालं. बुधवारी संध्याकाळी धाकटी आंघोळ करून आली आणि तोंड एवढंसं. डावीकडची खूण गेली! मी ओरडायला जरा भाजी ढवळायला गेले तेवढ्यात हिनं साबण फिरवला. घाबरली नाही हं. म्हणाली, "उद्या ते मला परत पाठवतील." म्हटलं, "मी आहे ना." माझी कापडावर खुणा करायची जांभळी पेन्सिल आहे बघ, जीभ लावली की शाईसारखी उठते, तोच रंग, डोळे मिटून सांगते, तोच! पुसट ठसा राहिला होता, त्याच्यावर काढली. पण ठशावर अगदी नाही काढली. मी काय आज शिवायला बसले? कडेवर कोणी खूण करतं का? शिलाईला अर्धं बोट माया सोडूनच काढली. कापड उरलं तर आत दाबता येतं, कमी पडलं तर रडायची वेळ येते. अशी झकास बसली खूण की दुसऱ्या दिवशी लंबूनं बघून म्हटलं, "वा आजी, खुणा जपाव्या तर तुम्ही."

तेव्हा आपल्या बाजूनं काही कमी पडलेलं नाही. तू तिथे मन घट्ट कर. गरम पाणी पी.

तुझी आजी

---

१४ फेब्रुवारी, दुपार

आजी!

आजी, आजी, आजी, आजी.

तीच ती. तीच ती चूक! मला हसू येतंय, रडू येतंय आणि तुझ्या हातातली ती पेन्सिल हिसकावून घ्यावीशी वाटतेय, सगळं एकदम.

ऐक. अंगाला माया सोडायची नसते. किरणांना आत दाबून शिवता येत नाही. खूण अर्धं बोट सरकली म्हणून धाकटी आजी अर्धं बोट वळून झोपली, म्हणून फोटो जुळला नाही. नशीब फोटो काढतात.

आता काहीही करू नकोस. पुसू नकोस, नवी काढू नकोस, जीभ लावू नकोस. लंबूदादाला मी आत्ताच कळवलंय की सोमवारपर्यंत तिला कोणी हात लावू नका आणि मीटिंगला आमची आजी येणार आहे, तिला काही सांगायचंय. काय सांगायचंय ते मी सांगितलेलं नाही. माझा प्लॅन वाचवायला मी आजीवर ढकलते आहे, असं मला नको. आणि ते तुझ्या तोंडून आलं तरच बाईंना नीट कळेल.

मला माहीत आहे हे तुला जड जाणार आहे. तू तिथे जाशील ना?

भिंगरी

---

१६ फेब्रुवारी, सोमवार

भिंगरे,

गेले.

पण आधी रविवार कसा गेला ते विचार. करायला गेले एक आणि झालं भलतंच. मला जेवण जाईना. सांगायची लाज यंत्राच्या बाईंची नव्हती गं, त्या कोण माझ्या? लाज धाकटीची. चाळीस वर्षं ही बाई माझं माप चुकायची वाट बघते आहे. तिच्या पाहुण्याच्या लग्नातला कोट मी एकदा आखूड शिवला असं ती आजही म्हणते, आणि तो माणूस नंतर उंच झाला हे ऐकूनच घेत नाही. खोटं कशाला बोलू, एकदा मनात आलं की साबणावर ढकलावं. म्हणावं साबणानं खूण सरकली. मग तुझं ते बँकेचं वाक्य आठवलं आणि मी उठून कपडे घातले.

एकटीच जाणार होते. दारात धाकटी उभी, चप्पल घालून. "माझं अंग, माझी खूण, माझ्याशिवाय कसली मीटिंग?"

खोलीत लांब टेबल आणि भिंतीवर पलंगाएवढा पडदा. पडद्यात तुझ्या बाई. अगं, त्या तर माझ्याच वयाच्या निघाल्या! तू मला सांगितलं नाहीस. इकडे आपल्या डॉक्टरीणबाई आणि लंबू. लंबूचा चेहरा असा की आज फाशीच. मी उभी राहिले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, बसून बोला." म्हटलं, "नको, चूक उभ्यानंच सांगावी."

आणि सगळं सांगितलं. पेन्सिल, जीभ, अर्धं बोट, सगळं. डॉक्टरीणबाई वाक्यावाक्याला त्यांच्या भाषेत सांगत होत्या. "माया" आलं तिथे अडकल्या. मग मी माझ्या पोलक्याची शिवण उलटी करून पडद्यासमोर धरली आणि बोटानं दाखवलं, ही, ही जागा. तुझ्या बाईंचा वरचा चष्मा खाली आला. मी शिवण तशीच धरून ठेवली.

त्या म्हणाल्या, "अर्धं बोट म्हणजे नेमकं किती?"

मी बोट पुढे केलं. त्यांनी लंबूला मोजायला लावलं. त्यानं पट्टी लावली, बोटाची रुंदी मोजली, अर्धी केली, आणि म्हणाला, "नऊ मिलिमीटर." डॉक्टरीणबाईंनी फाईल उघडली. फोटोत किती सरकलं होतं, ठाऊक आहे? नऊ! भिंगरे, मला चुकीची लाज वाटत होती, पण तेवढ्या एका क्षणी नाही वाटली. चाळीस वर्षं झाली, माझं अर्धं बोट केसभर बदललेलं नाही.

मग मागून आवाज आला. वाटलं धाकटीला ठसका लागला. वळून बघते तर हसते आहे! ऑपरेशन झाल्यापासून मी तिचे दात बघितले नव्हते. टेबल धरून हसते आहे. म्हणाली, "चाळीस वर्षं! चाळीस वर्षं ही बाई माझ्या कपड्यांत माया सोडते आणि मी पोत्यासारखी दिसते. विचारलं तर म्हणते, धुतल्यावर आटेल. आता माझ्या अंगालाच माया सोडली! जाऊबाई, मला धुतल्यावर मी आटणार का?"

बाईंनी विचारलं, त्या काय म्हणतायत? डॉक्टरीणबाईंना सांगता येईना, त्याच हसत होत्या. लंबू भिंतीकडे तोंड करून उभा.

पण तुझ्या बाई हुशार हं. हसणं थांबल्यावर त्यांनी एकच गोष्ट विचारली: "बाकीच्या रोग्यांनी काय केलंय?" लंबू बाहेर बाकाकडे गेला. दहा मिनिटांनी परत आला तो डोकं धरून. ड्रायव्हर रोज सकाळी आरशात बघून खुणा बॉलपेननं गिरवतो, गाडीचा नंबर गिरवावा तशा. कारकुनानं पट्टी लावून रेघा लांबवल्यात, "नीट दिसाव्यात म्हणून". भाजीवालीनं वर चिकटपट्टी लावलीय आणि चिकटपट्टी सरकली की खूण सरकली असं समजून ती जागेवर ओढते. आत्तापर्यंत लाईट सुरू झालेल्या सातांतले तिघे, आणि आम्ही! त्यांचं अजून थोडक्यात निभावत होतं, इतकंच.

बाईंनी ते सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, आमच्याकडे खूण गेली तर लोक तसेच येतात, आम्ही पुन्हा काढतो. कोणी घरी काढत नाही, कारण कोणाला तेवढी पडलेली नसते. म्हणून आमच्या कागदावर "पुसू नका" लिहिलंय. "गेली तर काढू नका, आम्हाला सांगा" हे लिहिलेलंच नाही. वीस वर्षांत गरज पडली नाही. चूक कागदाची आहे. तो आम्ही आमच्या लोकांसाठी लिहिला आणि तुमच्याकडे तसाच पाठवला.

म्हटलं, दुसऱ्याच्या मापाचा कपडा. त्यांना हे नीट कळलं, डॉक्टरीणबाईंनी सांगायच्या आधीच मान हलवली.

लंबू उभा राहून म्हणाला, "मॅडम, यंत्र मी थांबवलं. तीन दिवस सगळ्यांचे गेले. दोष माझा." बाई म्हणाल्या, "जो थांबवायला घाबरत नाही त्याच्याच हातात मी यंत्र देते. पुढे चालवा." तो खाली बसला तो खुर्चीवर नाही, शेजारी जमिनीवर.

आणि तुझं. मी विचारलंच. "आमच्या पोरीच्या नकाशाचं काय?" म्हणाल्या, "पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासला. एक रेघही चुकीची नाही." मी म्हटलं, मला ऐकू कमी येतं, परत एकदा म्हणा. त्यांनी परत म्हटलं. ऐकू मला पहिल्यांदाच आलं होतं.

उद्यापासून धाकटीचा नववा. खुणांच्या जागी आता सुईनं छोटे ठिपके टोचून देणार, जन्मभर न जाणारे. धाकटीनं अट घातली: "टोचताना ही बाई खोलीत नको."

आजी

---

२० फेब्रुवारी

प्रिय आजी,

बाईंनी मला बोलावून फाईल परत दिली. त्यांचे शब्द फक्त दोन होते: "छान आखलंस." त्यांच्या तोंडून दोन शब्द म्हणजे आपल्याकडचा सत्कार. आता सांगते, शुक्रवारी मी बॅग भरली होती. तिकिटाची चौकशी पण केली होती. कालपासून कपडे परत कपाटात लावते आहे. इस्त्री मोडलीय सगळ्यांची, कोणाला सांगू नकोस.

नवा कागद छापला. त्यावर एक पेन्सिल काढलीय आणि तिच्यावर फुली. बाईंनी तो चार देशांतल्या शिकणाऱ्यांना पाठवला आणि खाली लिहिलं, की ही सूचना एका अनुभवी शिवणकाम करणाऱ्या बाईंमुळे. तुझं नाव विचारत होत्या. मी म्हटलं, गावात सगळे आजीच म्हणतात.

आणखी एक. तिथल्या रोग्यांच्या दर नव्या तुकडीला पहिल्या दिवशी तू दहा मिनिटं बोलशील का, असं डॉक्टरीणबाई विचारणार आहेत. नाही म्हणू नकोस. तू नाही म्हणणार नाहीस हे मला माहीत आहे. फक्त, दहा म्हणजे दहा.

तुझी भिंगरी

---

१२ मार्च, गुरुवार

भिंगरे,

काल पंचविसावा झाला.

सगळं लिहायचंय. दहाही जणांचे कागद तुझ्या बाईंनी पास केले. डॉक्टरीणबाईंनी पेढा नाही, काही नाही, सरळ किल्ल्यांचा जुडगा लंबूच्या हातात दिला. तो म्हणाला, "आता चुकलो तर कोणाला विचारू?" त्या म्हणाल्या, "पडदा आहेच की." म्हणजे उंट अजून आहे, पण शेळ्या आता आपल्या आपण चरतात.

मी तीन तुकड्यांसमोर बोलले. लोक मला वाईट उदाहरण म्हणून बघायला येतात आणि मी छान कपडे घालून जाते. दहा मिनिटं पुरत नाहीत, तू काहीही म्हण. दोन बाह्या एका बाजूच्या लावल्याचं सांगितल्याशिवाय पुढचं कळतच नाही त्यांना.

धाकटी शेवटचा लाईट घेऊन बाहेर आली. म्हटलं, "झालं?" म्हणाली, "झालं. छत रंगवलंय." आणि सरळ घरची वाट धरली. मी म्हटलं, हिला काही वाटतच नाही.

आज सकाळी काय झालं ऐक. साडेदहा वाजले आणि मी चप्पल घालून दारात. बघते तर पलीकडच्या दारात धाकटी, तीही चप्पल घालून, वेणी घालून. दोघी एकमेकींकडे बघतो आहोत. कुठे जायचंय? कुठेच नाही. संपले लाईट. ती म्हणाली, "पाय सवयीनं निघाले." मी म्हटलं, "माझेही." आणि गेलोच, बाई. गेलो आणि बाकावर बसलो, काही काम नसताना. लंबूनं बघितलं आणि आत गेला.

बाकाच्या टोकाला एक नवी बाई बसली होती. पहिला दिवस. चाळिशीची असेल. हातातला कागद इतका घट्ट धरलेला की फाटायचा राहिला होता. तिच्याबरोबर कोणी नव्हतं. मी माझं भाषण सुरू करायला तोंड उघडलं, तेवढ्यात धाकटी सरकून तिच्या शेजारी गेली.

म्हणाली, "आत गेल्यावर दार बंद होतं आणि सगळे बाहेर पळतात. त्या वेळी फार एकटं वाटतं. मी पहिल्या दिवशी एवढी घाबरले की डोळे मिटता येईनात. म्हणून छताकडे बघत राहिले. पंचवीस दिवस घाबरले मी. रोज. पण रोज दोन मिनिटंच असतं ते. तुम्ही मोजा. मी एकशेवीसपर्यंत मोजायचे."

भिंगरे, चाळीस वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मला नाही सांगितलं तिनं, बाकावरच्या परक्या बाईला सांगितलं, आणि मी ऐकते आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आतून त्या बाईचा नंबर पुकारला. ती उठली. धाकटीनं तिच्या हातातला कागद काढून घेतला, घडी घालून स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "जा. मी इथेच आहे. मी बाहेरून मोजते."

दार बंद झालं. धाकटी मोजायला लागली, ओठांतल्या ओठांत. तिसापर्यंत ती एकटीच. मग मीही मोजायला लागले. शंभराच्या पुढे मला आकडे नीट येत नाहीत, तिथे तिनं माझा हात धरला आणि आकडे मोठ्यानं म्हणू लागली, म्हणजे मला चुकायला नको.

आजी